आयरिश शिट्टी, भाषा आणि नाच: सोलापुरात बसून शिकायचं तर काय घ्यावं, काय सोडावं

पैसे मोजायचे असतील तर कान तयार करणाऱ्या साधनावर मोजा. आयरिश भाषा, पारंपरिक संगीत आणि नाच शिकवण्यासाठी बाजारात आणि इंटरनेटवर जे जे मिळतं, त्यातलं बरंचसं डोळ्यांसाठी बनवलेलं असतं: रंगीत चित्रं, स्वरलिपीच्या चोपड्या, पावलांचे नकाशे. सोलापूरच्या एखाद्या खोलीत बसून, समोर शिक्षक नसताना शिकायचं, तर त्यातलं फार थोडं उपयोगी पडतं. शिट्टी, अ‍ॅप, शब्दकोश, ऑनलाइन क्लास, बूट आणि फळी या सगळ्यांची पारख खाली त्याच हिशेबाने केली आहे.

आयर्लंडबाहेर शिकणं म्हणजे काहीतरी दुय्यम, हा समज आधी डोक्यातून काढून टाकावा. सामूहिक नाचाच्या बैठकीला तिथे 'केली' म्हणतात. त्या नावाने भरलेली पहिली बैठक झाली लंडनला, ३० ऑक्टोबर १८९७ रोजी, ब्लूम्सबरी हॉलमध्ये. आयरिश भाषेसाठी १८९३ मध्ये स्थापन झालेल्या 'कॉनरा ना गेल्गे' या संस्थेच्या लंडनच्या मंडळींनी ती भरवली होती. पारंपरिक धुनांचा १,८५० चिजांचा मोठा संग्रह १९०३ मध्ये छापून आला तो शिकागोत, आणि तो करणारे फ्रान्सिस ओनील त्या शहराचे पोलीस प्रमुख होते. आयर्लंडमधल्या स्लायगोच्या मायकल कोलमन यांनी १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फिडल, म्हणजे व्हायोलिन, रेकॉर्ड केलं, त्या तबकड्या मायदेशी गेल्या आणि तिथले वादक त्यांच्यावरून वाजवायला शिकले. म्हणजे दूर बसून, ऐकून शिकणं ही या परंपरेचीच रीत आहे. प्रश्न एवढाच की कुठलं साधन ते नीट ऐकवतं.

सुरुवात शिट्टीपासून, कारण सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त इथे मिळतं. टिन व्हिसल म्हणजे सहा भोकांची, तोंडात धरून सरळ वाजवायची धातूची नळी. घ्यायची ती 'डी'ची, म्हणजे आपल्या पांढरी दोनची. 'सी'ची शिट्टी दिसायला तशीच असते आणि पुष्कळदा तीच आधी समोर येते, पण क्लासमध्ये, रेकॉर्डिंगमध्ये, मैफलीत सगळीकडे 'डी' गृहीत धरलेली असते. 'सी'ची घेतली की सोबत वाजवता येत नाही आणि सोबत वाजवता आलं नाही तर कान तयार होत नाही.

बासरी वाजवणाऱ्यांसाठी एक सोय आहे. आपल्या बासरीत तीन भोकं बंद केली की सा येतो आणि सहाही बंद केली की खालचा प. त्यामुळे पांढरी पाचच्या बासरीची सहा भोकं बंद केली की नेमका 'डी' वाजतो आणि तिथून एकेक बोट उचलत गेलं की 'डी'च्या शिट्टीचेच स्वर त्याच बोटांनी मिळतात. सगळी भोकं उघडी ठेवली की बासरीवर तीव्र म येतो, तो शिट्टीवरचा 'सी शार्प'. शुद्ध म साठी आपण वरचं भोक अर्धं उघडतो. शिट्टीवर त्याऐवजी वरचं भोक उघडं, दुसरं-तिसरं बंद, खालची तिन्ही उघडी, अशी बोटं धरली की कोरा 'सी' मिळतो. म्हणजे घरात पांढरी पाचची बासरी असेल तर पहिले दोन महिने एक पैसाही खर्च न करता आयरिश धुना वाजवून बघता येतात. फक्त तेवढी लांब बासरी लहान मुलांच्या हाताला पुरत नाही, त्यांना शिट्टीच द्यावी.

कुठली घ्यायची? पहिल्या शिट्टीसाठी फ्यदोग किंवा जनरेशनची पितळी किंवा निकेलची सरळ नळी पुरते. फ्यदोग १९७८ पासून आयर्लंडमध्ये बनते. क्लार्कची मूळ शिट्टी १८४३ पासूनची, पत्रा गुंडाळून निमुळती केलेली आणि तोंडात लाकडी ठोकळा बसवलेली. आवाज मऊ आणि हवेशीर, पण दम जास्त लागतो आणि स्वर वरखाली सरकवायची सोय नाही. दमाचा सराव नसलेल्याने तिच्यापासून सुरुवात करू नये. डिक्सनची पॉलिमरची शिट्टी, त्यातही तोंड सरकवता येणारी, थोडी महाग पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना सोयीची, कारण वरच्या सप्तकात ती कान फाडत नाही. स्वस्त शिट्ट्यांच्या बाबतीत एक लक्षात ठेवावं: एकाच कंपनीच्या, एकाच डब्यातल्या दोन नगांत फरक निघतो. म्हणून हातात आल्या आल्या तपासणी करायची. फोनवर ट्यूनर लावा, एक मिनिट फुंकून नळी गरम होऊ द्या, मग सहाही भोकं बंद करून हळू फुंका. ५८७ हर्ट्झच्या आसपास 'डी' दिसला पाहिजे. आता बोटं तशीच ठेवून जरा जोर लावा, वरच्या सप्तकातला 'डी' आला पाहिजे. तो खालच्याच्या मानाने स्पष्ट उतरलेला लागत असेल, तर ती खोट नळीत आणि तोंडाच्या मापात आहे. ती सरावाने जात नाही. शिट्टी परत करा.

पहिल्या आठवड्यात जी किंचाळी निघते तिचं कारण मात्र जवळजवळ नेहमी बोटात असतं. बोटाचं टोक ठेवलं की कडेने हवा सुटते. टोकामागचा मऊ भाग सपाट टेकवावा. तिसरं आणि सहावं भोक, म्हणजे दोन्ही अनामिकांची भोकं, सगळ्यात आधी दगा देतात. खालच्या 'डी'ला फुंकर जितकी हळू वाटते त्याहूनही हळू लागते.

तोंडाच्या फटीत लाळ साचून आवाज घोगरा होतो. अशा वेळी पुढच्या खिडकीवर बोट ठेवून एक जोराची फुंकर मारायची. पुन्हा पुन्हा होत असेल तर भांडी घासायच्या साबणाचं पाणी फटीतून ओतून, न पुसता वाळू द्यायचं. स्वस्त शिट्टीचं तोंड नळीला चिकटवलेलं असतं. ते मिनिटभर गरम पाण्यात धरून पिळलं की सुटतं आणि मग आत-बाहेर सरकवून स्वर जुळवता येतो. सोलापुरात याची गरज पडतेच. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, गरम हवेत शिट्टी चढी बोलते आणि रेकॉर्डिंगसोबत वाजवताना ती खुपते. तोंड दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढलं की बसते. आणि मे महिन्यात शिट्टी स्कूटरच्या डिकीत ठेवायची नाही. प्लॅस्टिकच्या तोंडाची फट एकदा वाकली की त्या शिट्टीचा आवाज गेला तो गेलाच.

वाजवायचं काय आणि कसं, इथे आपल्याकडच्या शिकलेल्या कानाचा फायदाही आहे आणि अडचणही. फायदा स्वरांचा. बहुतेक आयरिश धुना ज्या स्वरमालांत असतात त्या आपल्याला बिलावल, खमाज आणि काफी थाटांच्या म्हणून ठाऊक आहेत. 'डी'च्या शिट्टीवर 'ई'ला सा धरून सरळ स्वर वाजवले की काफी उभा राहतो. 'डी'ला सा धरून कोरा 'सी' घेतला की खमाज. रचनाही ओळखीची वाटते: आठ मात्राखंडांचा पहिला भाग बहुधा खालच्या सप्तकात, तो दोनदा, मग आठांचा दुसरा भाग, बहुधा वर चढणारा, तोही दोनदा. अस्थायी-अंतरा ऐकत मोठ्या झालेल्या कानाला हे समजावून सांगावं लागत नाही. अशी ३२ खंडांची धून तीन वेळा वाजली की न थांबता दुसरी सुरू होते.

अडचण लयीची. जिग, म्हणजे नाचाच्या धुनेचा एक प्रकार, सहाच्या लयीत असते, तीन अधिक तीन. म्हणून तबला अ‍ॅपवर दादरा लावून सराव करायचा मोह होतो. तो टाळावा. दादऱ्यात चौथ्या मात्रेला खाली येते, वजन हलकं होतं. जिगमध्ये चौथ्यावर पहिल्याइतकाच ठाम पाय पडतो, कारण तिथे नाचणाऱ्याचं पाऊल असतं. दादऱ्यावर शिकलेली जिग कायम अर्ध्यात बसकण मारते. शिवाय प्रत्येक तिनातला पहिला स्वर किंचित लांब असतो आणि बाकीचे त्या मानाने आखूड. हे कुठल्याच स्वरलिपीत लिहिलेलं नसतं. उपाय सोपा: तबला बंद, चपला काढून पायाच्या टाचेने एक आणि चारवर ठोका, तोंडाने धून गुणगुणा, मग शिट्टी उचला. रील चारच्या लयीत, तिला केरवा थोडा जवळचा. स्लिप जिग नऊची, तीन तीन तीन, तिला आपल्या नेहमीच्या ठेक्यांतला एकही जवळचा नाही, आणि ते बरंच आहे, कारण मग चुकीची सवय लागत नाही.

अलंकारांतही तसंच. 'कट' हा आपल्या कणासारखा दिसतो, पण कणाला स्वर असतो, कटाला नसतो. बोट उचलून इतक्या झटकन टेकवायचं की वरचा स्वर ऐकूच येऊ नये, फक्त खटका जाणवावा. 'टॅप' त्याच्या उलट: खालच्या भोकावर बोट आपटून उचलायचं. हे दोन्ही जमले की 'रोल': स्वर, कट, स्वर, टॅप, स्वर, सगळं तीन लघुस्वरांच्या जागेत. 'जी' या स्वरावर, म्हणजे वरची तीन भोकं बंद असताना, कट वरच्या हाताच्या मधल्या बोटाने आणि टॅप खालच्या हाताच्या तर्जनीने घेतात. बोटं शिकवणाऱ्यागणिक थोडी बदलतात. बासरीवाले इथे मींड आणतात, ती सोडवायला सहा महिने जातात. आणि प्रत्येक स्वरावर जीभ मारायची सवय असेल तर तीही कमी करावी. आयरिश वादनात सुटेपणा बहुतेक बोटांनी येतो.

म्हणून छापील धुनांच्या चोपड्या विकत घेऊ नका. इंटरनेटवर 'द सेशन' नावाच्या ठिकाणी २००१ पासून हजारो धुना मोफत जमा होत आल्या आहेत, अक्षरांच्या स्वरलिपीत. त्या उपयोगी आहेत, पण सांगाड्यासारख्या: आपल्या स्वरलिपीत बंदिशीचे स्वर असतात, गायकी नसते, तेच इथे. आधी रेकॉर्डिंग, मग अडलं तिथे कागद. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पट्टी न बदलता वेग कमी करतं. साठ टक्क्यांवर आणून दोन-दोन खंड तोडून ऐका.

आता ऑनलाइन क्लास. समोरासमोरचा शिक्षक नसेल तर याला पर्याय नाही. पण पैसे भरण्याआधी घड्याळ बघा. आयर्लंड हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं सरकतात. तिकडचा संध्याकाळी सातचा वर्ग म्हणजे इथे हिवाळ्यात रात्री साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. शाळकरी मुलांना हा चालणारच नाही. तिकडच्या शनिवारी सकाळी दहाचा घ्या, तो इथे दुपारी साडेतीनला किंवा अडीचला पडतो. शुल्क युरोत असतं. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी चालू करावे लागतात आणि बँक वर विनिमयाचा आकार लावते, तो धरून हिशेब करा.

झूमवर संगीत शिकताना एक सेटिंग न बदलल्यामुळे कित्येकांचे पैसे पाण्यात जातात. झूम मूळचं बोलण्यासाठी आहे. एकसारखा, उंच, लांब आवाज आला की ते त्याला पंख्याची घरघर समजून दाबतं. शिट्टीचा वरचा सप्तक शिक्षकापर्यंत तुटक पोचतो किंवा पोचतच नाही, आणि शिक्षक बिचारा म्हणतो, दम कमी पडतोय. ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करायचं, इको दाबणं बंद करायचं, हेडफोन लावायचा, फोन चार-पाच फुटांवर शिट्टीच्या बाजूला ठेवायचा, समोर नको. हे केलं की मग खोलीचा आवाजही सगळा आत येतो. पूर्व भागात शेजारी माग चालू असेल तर त्याची खडखड थेट आयर्लंडला पोचते. शहाबादी फरशी आणि गिलाव्याच्या भिंतीच्या खोलीत शिट्टी घुमते ती वेगळीच. त्यावर स्वस्तातला उपाय घरातच आहे: मागच्या आणि बाजूच्या भिंतीवर एकेक सोलापुरी चादर टांगा. जाड विणीची जुनी चादर नव्या चादरीपेक्षा चांगलं काम करते.

आवाज जायला-यायला वेळ लागतो म्हणून ऑनलाइन दोघांना एकत्र वाजवता येत नाही. 'सगळे मिळून वाजवू' असं जाहिरातीत लिहिलं असेल तर विचारा, म्हणजे नक्की काय? सगळ्यांचे माइक बंद आणि शिक्षक एकटा वाजवणार, असंच ते असतं. त्यात गैर काही नाही, फक्त त्याला वेगळे पैसे देऊ नयेत. चांगला क्लास ओळखायची खूण अशी: शिक्षक दोन खंड वाजवतो, थांबतो, तुमच्याकडून वाजवून घेतो, दुरुस्त करतो, पुढचे दोन खंड. तास संपल्यावर तीच धून हळू आणि पूर्ण वेगात अशी दोनदा रेकॉर्ड करून मिळते. जिथे पडद्यावर स्वरलिपी लावून सगळ्यांना एकदम वाचायला लावतात, तो सोडावा. तीसच्या वर्गात बसून तीन महिने एकदाही स्वतःची शिट्टी ऐकवता न येणं हा अनुभवही बाजारात विकला जातो. त्यापेक्षा महिन्यातून दोनदा अर्ध्या तासाची एकट्याची शिकवणी भारी. 'कोल्तस क्योल्तोरी एरन' ही १९५१ मध्ये स्थापन झालेली संगीतसंस्था आयर्लंडबाहेरही शाखा चालवते आणि शिक्षकांना पदविका देते. क्लासवाल्याकडे ती आहे का, हे विचारायला संकोच नको.

भाषेकडे वळू. इथे सोलापूरकरांचा हात वर आहे, आणि हे उगीच कौतुक नाही. आयरिशमध्ये जवळजवळ प्रत्येक व्यंजन दोन प्रकारचं असतं, रुंद (जीभ मागे ओढून) आणि निमुळतं (जीभ टाळूकडे उचलून, 'य' मिसळल्यासारखं), आणि अर्थ त्यावर ठरतो. रुंद 'त' आणि 'द' हे दाताला जीभ लावून, आपल्या त-दसारखे उच्चारतात. इंग्रजीतून आलेला शिकाऊ तिथे ट-ड करतो आणि वर्षानुवर्षं करत राहतो. 'आहे' या अर्थाचं क्रियापद 'ता', टा नव्हे. 'तू' या अर्थाचा शब्द तर 'तू'च. ख़ आणि ग़ हे घशातले आवाजही लागतात. उर्दू बोलणाऱ्या किंवा उर्दू कानावर पडणाऱ्या सोलापूरकराला ते शिकवावे लागत नाहीत. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत ऐकणारं मूल नव्या आवाजाला बिचकत नाही.

जिथे अडतं ते ठिकाण नेमकं सांगता येतं. 'बो' म्हणजे गाय, 'ब्यो' म्हणजे जिवंत. हे लगेच ऐकू येतं. पण 'कत' म्हणजे एक मांजर आणि शेवटचा त निमुळता केला, जवळजवळ 'कच', की झाली अनेक मांजरं. 'बाद' एक होडी, शेवटचा द निमुळता केला की होड्या. अख्खं अनेकवचन शेवटच्या व्यंजनाच्या टोकावर बसलेलं आहे. मराठीत शेवटच्या व्यंजनात असा भेद नसतो, त्यामुळे नेमका हाच फरक सुटतो. आणि 'ई'च्या आधी तर आणखी बारीक: 'नऊ'चा शब्द आणि क्रियापदाआधी नकारासाठी येणारा शब्द दोन्ही आपल्याला नुसते 'नी' वाटतात. पहिल्यात जीभ मागे ओढलेली, दुसऱ्यात पुढे. हे फक्त माणसाच्या तोंडून, दोन्ही शब्द एकापाठोपाठ ऐकूनच कळतं.

त्यासाठी सगळ्यात मोलाचं साधन फुकट आहे: 'फोरस ना गेल्गे' या सरकारी भाषासंस्थेचा टँगलन शब्दकोश. त्यात शब्दांचे उच्चार माणसांच्या आवाजात, अल्स्टर, कॉनाख्त आणि मन्स्टर या तिन्ही बोलींत ऐकता येतात. रोज पाच जोड्या घ्या, दहा वेळा ऐका, फोनवर स्वतःचा आवाज टिपा, शेजारी लावून ऐका. वीस मिनिटांचं काम आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचं 'अबर' हे साधन पूर्ण वाक्य वाचून दाखवतं. आवाज यंत्राचा, म्हणून शब्दांची तड लावायला आधी टँगलन आणि वाक्याचा ओघ ऐकायला अबर.

ड्युओलिंगोचा आयरिश कोर्स २०१४ पासून मोफत आहे. शब्दसंग्रह आणि रोजची सवय यासाठी चांगला. पण सूचना इंग्रजीतून आहेत आणि तोंड न उघडता तो बराच पुढे नेता येतो, तेच त्याचं दुखणं. एकट्या त्याच्यावर विसंबू नये. टाइप करताना स्वरांवरची तिरपी रेघ, 'फादा', टाळू नका. तो आपला ऱ्हस्व-दीर्घाचा प्रकार आहे: 'फ्यर' म्हणजे पुरुष, रेघ देऊन 'फ्येर' म्हणजे गवत.

व्याकरण शिकवताना बहुतेक साधनं इंग्रजीशी तुलना करतात आणि सोपं ते अवघड करून ठेवतात. आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही'ला शब्द नाहीत, यावर पानंच्या पानं लिहिलेली असतात. 'जेवलास?' 'जेवलो.' आपण रोज हेच करतो. 'अन दिगन तू?' म्हणजे समजतं का तुला? उत्तर 'तिगिम', समजतं. 'माझ्याकडे पुस्तक आहे' यासाठी तिथेही 'असणे'च वापरतात, मालकीचं वेगळं क्रियापद नाही. भूक 'लागते', तसं तिथे भूक माझ्यावर असते: 'ता ओक्रस ओरम'. खरी अडचण दोन ठिकाणी. क्रियापद वाक्याच्या तोंडाशी येतं, आपल्या शेवटी. आणि आपल्याकडे घोडा-घोड्याला अशी शब्दाची शेपटी बदलते, तिथे शब्दाचं तोंड बदलतं. 'ब्यन' म्हणजे बाई, पण 'ती बाई' म्हणताना 'अन व्यन'. 'बोर्द' म्हणजे टेबल, टेबलावर म्हणताना 'अर अन मोर्द'. लिहिताना मूळचा 'बी' तसाच राहतो, त्याच्या आधी 'एम' चिकटतो. शब्दकोशात शोधताना तो आधीचा 'एम' काढून 'बी'खाली बघायचं. पहिल्या अक्षरानंतर 'एच' दिसला तर तो पुसून शोधायचं. ही एवढी युक्ती पहिल्याच आठवड्यात शिकवली तर पुढचे तीन महिने वाचतात, आणि फार थोडे क्लास ती शिकवतात.

शिक्षक निवडताना बोली विचारा आणि वर्षभर एकच धरा. 'कसा आहेस?' मन्स्टरकडे 'कनस ता तू', कॉनाख्तात 'के ख़ी विल तू', अल्स्टरमध्ये 'गोजे मार अता तू'. तिन्ही बरोबर. सोलापुरी आणि मालवणी मराठी एकदम शिकवली तर शिकणाऱ्याचं जे होईल तेच इथे होतं. ऐकायला 'रादिओ ना गेल्तख़्ता' हे १९७२ पासूनचं आकाशवाणी केंद्र इंटरनेटवर जगभर मोफत चालतं. कळत नसलं तरी स्वयंपाक करताना लावून ठेवावं. परीक्षा द्यायची असेल तर आयर्लंडच्या मेनूथ विद्यापीठाची 'टेग', ए-१ या सगळ्यात खालच्या पातळीपासून सुरू होते. तिचा अभ्यासक्रम आणि नमुना प्रश्न खुले आहेत. परीक्षा न देताही क्रमाने शिकायला तो अभ्यासक्रम विकतच्या पुस्तकांपेक्षा चांगला.

नाचाबाबत हात आखडता घ्यावा लागतो, आणि कारण पायाखाली आहे. सोलापुरातल्या घरांत शहाबादी, नव्या फ्लॅटमध्ये टाइल, मंगल कार्यालयात कोटा किंवा ग्रॅनाइट. आयरिश नाच लाकडी, दबणाऱ्या फरशीसाठी घडलेला आहे. दगडावर महिनाभर उड्या मारल्या की नडगीचं पुढचं हाड दुखायला लागतं, मग टाचेमागची शीर. दुखणं दोन आठवडे विश्रांतीशिवाय जात नाही. आठ बाय चारची अठरा मिलिमीटर प्लायवूडची पूर्ण फळी घ्या. अर्धी करून चार बाय चार घेतली तर जागच्या जागी ठोके शिकता येतात, पण बाजूला सरकणारी पावलं तिच्यावर मावत नाहीत. खाली कोड्यासारखे जोडायचे फोमचे गालिचे, बारा मिलिमीटरचे. गादीचा स्पंज नको, पाय मुरगळतो. चादर तर अजिबात नको, फळी घसरते. कडेला टेप लावा, नाहीतर प्लायचं कुसळ तळव्यात जातं.

बुटांचे दोन प्रकार. मुली-बायकांचे मऊ, दोरीबंद चामड्याचे 'गिली', बोटांपुढे जागा न ठेवता घट्ट घ्यायचे, कारण चामडं सैल होतं. कडक बुटांना पुढे आणि टाचेला फायबरग्लासचे ठोकळे असतात. पहिल्या वर्षी कडक बूट घेऊ नका. टाइलवर ते साबणावर चालल्यासारखे घसरतात. गिली मागवेपर्यंत बॅले किंवा जॅझचे मऊ बूट चालतात. रबरी तळव्याचे कुठलेही बूट नकोत: तळवा फरशीला चिकटतो आणि वळताना गुडघा एकटाच वळतो. पश्चिम आयर्लंडच्या कॉनेमारातला 'शॅन-नोस' नाच, हात मोकळे, पाय जमिनीलगत, शिकायचा तर चामडी तळव्याचे जुने फॉर्मल बूट पुरतात. रबरी तळवा असेल तर मोचीकडून चामड्याचा लावून घ्या. मोठ्यांनी घरी शिकायला शॅन-नोस सगळ्यात योग्य. उड्या कमी, आणि चूक बरोबर कळते ती पायाच्या आवाजावरून.

हात बाजूला ताठ ठेवून करायचा स्पर्धेचा स्टेप-नाच ऑनलाइन सुरू करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाय किती बाहेर वळले, गुडघे एकमेकांवर आले का, टाच कुठवर उचलली, हे पडद्यावर दिसत नाही. तरीही घ्यायचाच असेल तर शिकवणाऱ्याकडे 'टीसीआरजी' ही सीएलआरजी या आयरिश नृत्य आयोगाची शिक्षकपदवी आहे का ते पाहा. कॅमेरा जमिनीपासून फूटभर उंच आणि तीन मीटरवर ठेवा. ठोक्यांचा आवाज आणि चित्र ऑनलाइन मागेपुढे होतात, त्यामुळे लय थेट तासात तपासून घेण्यात अर्थ नाही. फोनवर टिपून चित्रफीत पाठवा.

शाळेसाठी, सोसायटीसाठी, पंधरा-वीस जणांसाठी केली-नाच घ्यावा, आणि त्यातही 'वॉल्स ऑफ लिमरिक'. दोन जोड्या समोरासमोर, अशा कितीही जोड्यांची लांब रांग. रीलवर, एकूण ३२ खंड: आठात पुढे येऊन मागे, दोनदा, पुढच्या आठात आधी बायका जागा बदलतात, मग पुरुष, तिसऱ्या आठात समोरच्याचा हात धरून बाहेर सरकून परत, शेवटच्या आठात आपल्या जोडीदाराबरोबर दुसऱ्या जोडीभोवती फिरून नव्या जोडीसमोर. सरकताना पायाची मोजणी सात आणि दोनदा तीन: एक-दोन-तीन-चार-पाच-सहा-सात, थांबा, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. लेझीम खेळलेली मुलं हे अर्ध्या तासात उचलतात. त्यांची पावलं आधीच मोजणीला बांधलेली असतात. मोठी माणसं सातनंतरचा थांबा खातात आणि पुढच्या तिनात एक पाऊल चुकीच्या पायाने पडतं. तो थांबा टाळीने घ्यायला लावला की चूक सुटते. कोट्याच्या फरशीवर हे करायचं तर साध्या मोज्यांवर नको, मऊ बुटांवर, उडी न मारता, आणि सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. बॅडमिंटनचा लाकडी हॉल मिळाला तर तिथे मऊ बूट घालून दोन तासही चालेल. कडक बूट घालून मात्र तिथे कोणी पाऊल ठेवू देणार नाही.